लेकीला जिऑलॉजी घ्यायची आहे, आम्ही कॉम्प्युटरवर अडलोय. काय करावं?

तावरजाकाठ | १८ जून

मंडळी, इथं वाचतो रोज, लिहितो क्वचित. पण आता घरात तीन दिवस अबोला चालू आहे म्हणून लिहायला बसलो.

आम्ही औसा तालुक्यातले. मी विकास सोसायटीत गटसचिव, बायको अंगणवाडी सेविका. थोरल्या मुलीला बारावी सायन्सला ८१ टक्के पडले, सीईटीला ९४ पर्सेंटाइल. कॉम्प्युटर नाही तर आयटी कुठंतरी मिळतंय असं क्लासचे सर म्हणतात. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणजे २०२४-२५ पासूनच्या नियमानं मुलीची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. आणि ही बया म्हणते, मला बी.एस्सी. जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, करायचंय.

हे खूळ कुठून आलं तेही सांगतो. माझी आई किल्लारीच्या शेजारच्या गावची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. माझे दोन मामा त्यात गेले. आई दरवर्षी ती रात्र सांगते, नातीनं ती शंभरदा ऐकलीय. पुढं २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ही तिसरीत. मावशीच्या घरी लातूरला टँकरच्या रांगेत घागर धरून उभी राहिलेली. आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिसरा बोअर घेतला. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली. ५४० फूट गेलो, नुसता धुरळा. गाडीवाल्याचे पैसे मोजताना पोरगी मागून म्हणाली, "बाबा, ह्याचं शिक्षण असतं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. पोटाला काय मिळतं या शिक्षणात, कुणी खरं खरं सांगेल का?

कोडवाला_कोथरूड | १८ जून

काका, सरळ लिहितो, राग मानू नका. ९४ पर्सेंटाइलला फुकट कॉम्प्युटर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. खडकांचा छंद शनिवार-रविवारी जोपासता येतो. मी १४ वर्षं आयटीत आहे. सध्या फ्रेशरना दिवस बरे नाहीत हे खरं, पण चार वर्षांनी काय असेल ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असली की एमबीए, बँक, एमपीएससी सगळीकडे जाता येतं.

चिंचेखाली | १८ जून

बी.एस्सी. करूनही एमपीएससी देता येते की. त्यासाठी चार वर्षं नावडतं कशाला शिकायचं?

मुरूम_ते_पाषाण | १९ जून

तावरजाकाठ, तुमचा ५४० फुटांचा बोअर वाचून लिहायला घेतलं. मी भूजलाच्या कामात २६ वर्षं काढली, बरीचशी मराठवाड्यात.

आधी कटू गोष्टी. नुसत्या बी.एस्सी. जिऑलॉजीवर नोकरी मिळत नाही असंच धरून चाला. एम.एस्सी. लागतेच, म्हणजे घरातून पाच वर्षांचा खर्च. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत पदं असतात, पण मोजकी, आणि जाहिरातीची वाट बघण्यात उमेदवारी जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे १८५१ पासूनचं जीएसआय, आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी यूपीएससीची वेगळी भूवैज्ञानिक परीक्षा असते. तिलाही एम.एस्सी. हवी. ओएनजीसीसारख्या तेल कंपन्याही घेतात, कधी गेट या परीक्षेच्या गुणांवर, कधी स्वतःची परीक्षा घेऊन. शिवाय खाणी, बोगदे, धरणं, मेट्रो, खडक फोडायचा म्हटलं की आमचा माणूस लागतोच, पण पहिली काही वर्षं कंत्राटी पगार आणि पत्र्याच्या शेडमधला मुक्काम.

आता दुसरी बाजू. तुमचा बोअर का फसला? आपल्याकडं सगळा बसाल्ट, लाव्ह्याचे थर एकावर एक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या भोकाभोकांच्या, पांढऱ्या दाण्यांच्या खडकात थोडंफार. काळा पाषाण घट्ट लागला की मैलभर खाली गेलात तरी नशिबाचाच खेळ. २००९ च्या भूजल कायद्यात खोल विहिरीची रेघ ६० मीटरवर, म्हणजे साधारण दोनशे फुटांवर मारलीय, ती उगाच नाही. किल्लारीला भूकंपानंतर जे खोल छिद्र पाडलं त्यात ३३८ मीटरला बसाल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. म्हणजे तुमच्या गावाखाली काय आहे ते कुणीतरी बघून ठेवलेलं आहे. फक्त ते गावात सांगणारं कुणी नाही.

मुलगी जे म्हणाली ते बरोबरच आहे. पण या शिक्षणाचा कामाचा दिवस कसा असतो ते तिनं बघितलंय का? जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जा, विनंती करा आणि एक दिवस तिला गाडीत बसवून द्या. परत येऊन काय म्हणते ते बघा. प्रॉस्पेक्टस वाचून घेतलेला निर्णय आणि उन्हात फिरून घेतलेला निर्णय यात फरक पडतो.

स्पष्टवक्ता_७१ | १९ जून

मुलीच्या जातीला डोंगरदऱ्यांत हातोडा घेऊन फिरणं शोभतं का, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. मी विचारतो.

गारगोटी | १९ जून

विचारलात, छान केलंत. मी नागपूरकडे मँगनीजच्या पट्ट्यात काम केलंय. २०१९ पर्यंत बाईला जमिनीखालच्या खाणीत कामाला ठेवायला कायद्यानं बंदीच होती. त्या वर्षी केंद्रानं सूट दिली, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. त्यामुळे शोभतं का याचा निकाल लागलाय. आता संडासाची सोय आहे का, हा प्रश्न विचारा. तो खरा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. मुलीला हे आधीच सांगा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

चिंचेखाली | १९ जून

गारगोटीताई, _/\_

दुसरी_पोळी | २० जून

माझ्या मुलाची गोष्ट सांगते. घरात मीच हट्ट धरला होता, मेकॅनिकल. कॉलेज शहराबाहेर, इमारत चकाचक. दुसऱ्या सेमिस्टरला त्याचे चार विषय राहिले आणि त्यानं ते आम्हाला सांगितलंच नाही. फी भरत राहिलो. तिसऱ्या वर्षी कळलं तेव्हा तो बोलायचाच बंद झाला होता. आता मराठी साहित्यात बी.ए. करतोय, २३ वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यांचा दादा. ठीक आहे आता.

जिऑलॉजी घ्या की कॉम्प्युटर, मला त्यातलं कळत नाही. फक्त "नापास झालीस तरी पहिला फोन घरी कर" एवढं प्रवेश घ्यायच्या आधी बोलून ठेवा. नंतर बोललं की ते दरडावल्यासारखं वाटतं.

शेवटचा_बाक | २० जून

काका, मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वेगळा. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

एक, नव्या शैक्षणिक धोरणानं बी.एस्सी. बदललीय. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय असतात, पुढे त्यातला एक मेजर आणि एक मायनर. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या, मग एम.एस्सी. एका वर्षाची. पण प्रत्येक कॉलेजात जोड्या वेगळ्या. जिऑलॉजीबरोबर काय काय घेता येतं ते प्रवेशाच्या आधी विचारा. वेबसाइटवर दिलेलं सगळं प्रत्यक्षात सुरू असतंच असं नाही, ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारा. आणि खिडकी दुपारी जेवणासाठी बंद असते ती नक्की किती वाजता उघडते हेही विचारा :)

दोन, तारखा. बी.एस्सी.च्या याद्या आधी लागतात, इंजिनिअरिंगची कॅप, म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेश फेरी, नंतर. त्यामुळे निम्मा वर्ग बी.एस्सी.ला पैसे भरून कॅपची वाट बघत असतो. तुम्हीही तसं करा, पण प्रवेश रद्द केला तर किती पैसे कापतात ते आधी वाचा. आणि कॅपच्या यादीत पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर तोच प्रवेश पक्का धरतात, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. नको असलेलं वर टाकू नका.

तावरजाकाठ | २ जुलै

सगळ्यांचे आभार. मुरूमसाहेबांचं ऐकून आम्ही बापलेक जिल्ह्याला गेलो. वाटलं होतं कुणी दारात उभं करणार नाही. एका मॅडमनी बसवून घेतलं. त्यांनी विचारलं, गाव कोणतं? एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि म्हणाल्या, तुमच्या गावात निरीक्षण विहीर आहे. शाळेमागची. वर्षातून चार वेळा तिची पाणीपातळी मोजतात.

मी त्या विहिरीत पोहायला शिकलो. तिच्या कठड्यावर रंगवलेला नंबर लहानपणापासून बघतोय, मला वाटायचं ग्रामपंचायतीचं काहीतरी असेल. १९७२ च्या दुष्काळानंतरचे आकडे त्या कार्यालयात आहेत. मॅडमनी ते ओळीनं दाखवले, पोरगी वहीत उतरवत बसली, दीड तास. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर तीन गावं फिरून आली. ऊन लागून आली, ताप आला, दोन दिवस झोपून होती. उठल्यावर मी विचारलं, आता? म्हणाली, टोपी घ्यायला पाहिजे होती.

बी.एस्सी.ची पुण्याची यादी लागलीय. फी भरली. कॅपचा फॉर्मही भरला आहे, तिच्या आईच्या समाधानासाठी.

कोडवाला_कोथरूड | २ जुलै

टोपीवरून कळलं काय होणार ते. काका, मग एक सांगतो. तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लावा आणि क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण मोफत. ते चार आकडे वर्षाला, पन्नास वर्षांचे, म्हणजे दोनशे आकडे. हे नकाशावर आणि आलेखावर मांडता आलं तर तिला कुणी "नुसती बी.एस्सी." म्हणणार नाही. विषयाच्या जोडीत स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर सोडू नका.

तावरजाकाठ | १ ऑगस्ट

कॅपच्या पहिल्या फेरीत आयटी लागलं होतं, यादीतलं चौथं कॉलेज. एक रात्र घरात कुणी जेवलं नाही. सकाळी आई, म्हणजे मुलीची आजी, म्हणाली, "जमीन हलली तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, हिला शिकू द्या." त्यावर कोण काय बोलणार. सोडून दिलं. अजून छातीत धडधडतं, खोटं कशाला बोलू.

आता राहायचं काय? होस्टेलच्या यादीत नाव नाही. कुणी सांगेल का?

शेवटचा_बाक | १ ऑगस्ट

काका, होस्टेलच्या दुसऱ्या यादीवर लक्ष ठेवा, इंजिनिअरिंगला निघून गेलेल्यांच्या जागा सुटतात. तोवर कॉट बेसिसवर बघा. एका खोलीत तिघी ठीक, पाच नकोत. डिपॉझिट देताना कागदावर सही घ्या, माझे एका घरमालकानं बुडवलेत. पाणी किती वाजता येतं आणि रात्री दार किती वाजता लावतात हे आधीच विचारून घ्या.

मेस महिन्याची एकदम लावू नका. आधी चार दिवस रोजचे पैसे देऊन जेवा. खाडा धरतात का ते विचारा. काही ठिकाणी सलग तीन दिवस गेलात नाही तरच पैसे वळते करतात. रविवारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणजे रविवारची रात्र उपाशी. लातूरच्या माणसाला पहिले दोन महिने गोडं वरण जड जातं, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी द्या सोबत.

दुसरी_पोळी | १ ऑगस्ट

आणि विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना कॉलेजात आहे का ते बघा. तासांवर पैसे मिळतात. पैसे थोडेच, पण ग्रंथालयात काम मिळालं तर मुलगी माणसांत येते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्म विसरू नका, वसतिगृह भत्त्यासाठी काही बसतंय का बघा. नॉन-क्रीमी लेयरची तारीख तपासा, ऐनवेळी ती संपलेली निघते.

तावरजाकाठ_कन्या | १४ सप्टेंबर

नमस्कार. मी ती. बाबांनी धाग्याची लिंक दिली, सगळं वाचलं. बाबांनी माझ्या तापाबद्दल लिहायची गरज नव्हती.

मी खरं लिहिते. पहिला महिना फार वाईट गेला. जिऑलॉजीच्या वर्गात आम्ही २२ जण. त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरं काही मिळालं नाही म्हणून ते इथे आहेत, आणि ते तसं उघड बोलतात. मी आवडीनं आले म्हटल्यावर एक मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. सगळं इंग्रजीत. सर चांगले आहेत, पण "क्लीव्हेज" आणि "फ्रॅक्चर" यात फरक काय ते मला तीन तासांनी कळलं, आणि तोही गुगलला मराठीत विचारून. प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये ३० खनिजं ठेवतात, नंबर असतात, ओळखायची. मला सगळे पांढरे दगड सारखेच दिसायचे. रूममेट दोघी पुण्याजवळच्याच, शुक्रवारी घरी जातात. शनिवार-रविवार खोलीत मी आणि पंखा. एका रविवारी बॅग भरली होती. बस स्टँडपर्यंत गेले आणि परत आले, कारण सोमवारी जर्नल द्यायचं होतं. दुसरं मोठं कारण नव्हतं.

मग २९ ऑगस्टला आम्हाला वेताळ टेकडीवर नेलं. जुनी खाण आहे तिथे. मॅडम म्हणाल्या, पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त जे दिसतं ते काढा. मी काढलं. थर दिसले. वरचा भोकांचा, त्यात पांढरे दाणे, खाली घट्ट काळा. मी म्हणाले, हा मांजऱ्या आहे. मॅडमनी विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, आमच्याकडे विहीर खोदणारे असं म्हणतात. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

ट्रेमधले पांढरे दगड आता वेगळे दिसतात. सगळे नाही. कॅल्साइटवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, झिओलाइट तसं करत नाही. उरलेल्यांचा गोंधळ आहेच.

जेवणाचं विचारू नका.

गारगोटी | १४ सप्टेंबर

शाबास गं. दोन गोष्टी. एक दहापटीचं भिंग घे, गळ्यात दोरीनं अडकव, हातोड्याची घाई नको. आणि इंग्रजी शब्दांसाठी वहीच्या मागच्या पानापासून यादी कर, डावीकडे इंग्रजी, मध्ये मराठी, उजवीकडे चित्र. तिसऱ्या वर्षापर्यंत ती यादी वर्गातले सगळे मागतील. आणि त्या बघत राहिलेल्या मुलीशी मैत्री कर. तिला कुणीतरी आवडीनं शिकणारं हवंय बहुतेक.

कोडवाला_कोथरूड | १४ सप्टेंबर

रविवार रात्रीची सोय करतो. आमच्या घरी कोथरूडला ये, बायको उस्मानाबादची, म्हणजे आता धाराशिवची. काळ्या मसाल्याचा रस्सा मिळेल. बाबांना माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, आधी ते बोलू देत आमच्याशी.

स्पष्टवक्ता_७१ | १५ सप्टेंबर

मुली, रात्री टेकडीवर जाऊ नकोस. बाकी चांगलं चाललंय.

तावरजाकाठ | २४ ऑक्टोबर

दिवाळीला आलीय. शेजारच्या शिवारात काल बोअरची गाडी लागली होती. (मुरूमसाहेब, रागावू नका, त्यांनी ३८० फूट नेला. मी दोनशेचं सांगून पाहिलं.) ही सकाळी सहाला तिथं जाऊन बसली. दर दहा फुटांना पाइप जोडायला थांबतात तेव्हा निघालेला चुरा मुठीनं घेते, कॅरीबॅगेत भरते, वर फूट लिहिते. गाडीवाला तमिळनाडूचा, त्याला मराठी येईना, हिला तमिळ येईना. पण तिसऱ्या जोडीपासून तोच स्वतः चुरा बाजूला काढून ठेवायला लागला. सत्तर फुटांना तांबडी पूड निघाली तेव्हा ही उठून उभीच राहिली. म्हणे दोन लाव्ह्यांच्या मधली माती आहे, वरचा थर यायच्या आधी उघड्यावर पडलेली.

पाणी लागलं नव्वदला थोडंसं, तेवढंच. पुढं सगळा काळा.

आता ओसरीवर ३८ पिशव्या ओळीनं मांडल्यात, रांगोळीला जागा नाही. आई विचारते, ही माती कधी टाकायची? ती म्हणते, टाकायची नाही आजी, पुण्याला न्यायची. लातूर एक्स्प्रेसला सामानाचं वजन करतात का हो कुणी?